उंटावरचा शहाणा

सिग्नलला थांबलं की बाकीचे लोक दिव्याकडे बघतात, मी रस्त्याच्या डाव्या कडेला बघतो. फुटपाथ, एखादा दगड, अगदी डांबराचा उंचवटासुद्धा चालतो. पाय टेकायला काहीतरी मिळालं म्हणजे झालं. माझी उंची पाच फूट चार इंच. माझ्या मोटारसायकलच्या सीटची उंची जवळजवळ पावणेतीन फूट. हे गणित मी वर्गात कधी घातलं नाही, पण चौकाचौकांत रोज स्वतः सोडवतो. उत्तर ठरलेलं आहे: एका वेळी एकच पाय, आणि तोही चवड्यापुरता.

असा मी एका चवड्यावर, बगळ्यासारखा ध्यान लावून उभा असतो आणि शेजारचा स्कूटरवाला मान वळवून विचारतो, "काका, मुलाची का गाडी?"

मुलगा आहे. पण तो पुण्यात कंपनीच्या बसने कामाला जातो आणि दुचाकीला 'रिस्क' म्हणतो. गाडी माझीच आहे. वय चोपन्न, नोकरी साताऱ्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवण्याची, आणि गाडी अशी की जी सिनेमात डोंगरावरून उड्या मारताना दिसते. आमच्या सोसायटीतल्या पोरांनी तिचं नाव 'उंट' ठेवलंय. नाव चपखल आहे. उंच, किडकिडीत, लांब पायांची, आणि पुढच्या चाकाच्या वर वीतभर अंतरावर चोचीसारखा मडगार्ड. हे बारसं कानावर आलं त्या दिवशी बायको स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "चला, उंट झाला. आता वरचा शहाणा कोण, हे सांगायला नको."

उंटावरच्या शहाण्याची गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकलेली असते. वासराचं डोकं रांजणात अडकतं. गाव शहाण्याला बोलावतं. तो उंटावरून येतो, दार ठेंगणं म्हणून आधी दार पाडायला लावतो. मग वासराची मान कापा म्हणतो, आणि डोकं आतच राहिलं म्हणून शेवटी रांजण फोडायला सांगतो. लहानपणी मला त्याच्या सल्ल्याचं हसू यायचं. त्याची खरी चूक वेगळीच होती. पण ती कळायला मला स्वतःचा उंट घ्यावा लागला.

याआधी माझ्याकडे एक वजनदार मोटारसायकल होती. कुठली ते सांगत नाही. तिचे चाहते फार आहेत आणि हळवे आहेत. वजन दोनशे किलोंच्या घरात. रस्त्याने जाताना लोक वळून बघायचे आणि मला उगाचच जहागीरदार झाल्यासारखं वाटायचं. एका ऑक्टोबरात बामणोलीच्या बाजूला एका चिखलट वाटेवर जहागीर आडवी झाली. मी एक टोक उचललं तर दुसरं खाली जाई. शेवटी भातखाचरातून चार माणसं आली, त्यांनी गाडी उचलली, मला चहा पाजला आणि डांबरी रस्त्यापर्यंत सोडायलाही आली. माणसं देवासारखी होती. पण त्या दिवसापासून मी डांबर सोडलं नाही. एखादी लाल वाट झाडीत शिरताना दिसली की मन तिकडे वळायचं, आणि लगेच हिशेब सुरू व्हायचा: आत पडलो तर चार माणसं कुठून आणायची? अशा किती वाटा मी नुसत्या बघून सोडल्या असतील!

आई बाजारात पाठवताना एकच बजावायची, "उचलेल तेवढंच आण." मी चाळीस वर्षं हा सल्ला बटाट्यांपुरता पाळला. मोटारसायकललाही तो लागू पडतो, हे उशिरा सुचलं.

मग ही घेतली, सेकंडहँड. आधीचा मालक हिंजवडीतला तरुण इंजिनिअर. डोंगर चढायला म्हणून त्याने गाडी घेतली आणि दोन वर्षं ऑफिसच्या पार्किंगचा उतार तेवढा चढला. पुढे जर्मनीला निघाला म्हणून विकली. गाडीवर एक ओरखडा नव्हता. डोंगर न बघितलेली डोंगरी गाडी, आणि धाडस न केलेला घोडेस्वार, पत्रिका जुळली. गाडीचं नाव काय म्हणाल, तर घरच्या माणसाचं नाव मी असं चारचौघांत घेत नाही. फारच आग्रह झाला तर उखाण्यात घेईन.

या जातीच्या गाड्यांना इंग्रजीत काहीही म्हणोत. आपल्याकडे वर्णन करायचं तर शाळेला आणि शेताला एकाच चपलेने जाणारी गाडी. जगात ही जात रुळवली यामाहाच्या अडीचशे सीसीच्या डीटी-१ ने, १९६८ साली. आपल्याकडे हिरोने २०११ मध्ये दीडशे सीसीची इम्पल्स आणली. लोकांनी कौतुकाने बघितली आणि घरी जाऊन नेहमीची गाडी घेतली. २०१६ मध्ये रॉयल एन्फील्डची हिमालयन आली, जरा भारदस्त; २०१९ मध्ये हिरोचीच दोनशे सीसीची एक्सपल्स आली, आणि मग माझ्यासारख्या पगारदार माणसालाही डोंगराची स्वप्नं हप्त्यांवर मिळू लागली.

अर्थात महाराष्ट्राच्या दृष्टीने हा इतिहास अपुरा आहे. आपली पहिली डोंगरी गाडी म्हणजे बजाजची एम-एटी. चार किटल्या लटकवून, पुढे वैरणीची पेंढी ठेवून, उसाच्या सरीतून, ओढ्यातून, मुरमाच्या चढावरून ती दूध आणत आली. तिच्या मालकाने अंगात जाकीट घातलं नाही की गुडघ्याला कवच बांधलं नाही, म्हणून इतिहासात तिची नोंद नाही, एवढंच.

या गाड्यांची शरीररचना बघण्यासारखी असते. पुढचं चाक एकवीस इंची, मागचं अठरा. पुढचं एवढं मोठं का, हे मला आधी कळेना; मग आजोळची बैलगाडी आठवली. लहान चाक खड्ड्यात पडतं, मोठं चाक खड्ड्यावरून जातं. दगड तोच, पण मोठ्या चाकाला त्याचा चढ सौम्य लागतो. आमच्या आजोबांना हे कुणी शिकवलं नव्हतं. पुढचे शॉकअप्स साध्या गाडीपेक्षा दीडपटीने जास्त खालीवर होतात, त्यामुळे चाक खड्ड्यात उतरून वर येतं आणि माझ्यापर्यंत फक्त बातमी पोचते. इंजिनाखाली पत्र्याचं चिलखत. मडगार्ड उंच, कारण खाली असता तर चिखल भरून चाकच थांबलं असतं. हँडल रुंद, कारण दगडांत चाक हवं तिकडे जाऊ बघतं आणि त्याला समजावायला लांब दांडा लागतो. वजन दीडशे किलोंच्या थोडं वर.

आणि दोष? भरपूर. हायवेला ऐंशीच्या पुढे गेलं की हातांना मुंग्या येतात. ट्रक ओलांडून गेला की उंट हातभर बाजूला सरकतो. मागे बसणाऱ्याला बसल्याचा पश्चात्ताप होतो, बायको एकदाच बसली आणि उतरल्यावर म्हणाली, "पुढच्या वेळी एसटीने येईन, तुम्ही स्टँडवर घ्यायला या." शर्यतीच्या मैदानात ही गाडी मागे, हायवेला मागे, बायकोला घेऊन जाण्यात तर नापास. एक ना धड, भाराभर चिंध्या, असंच कुणी म्हणेल. पण आमच्याकडे त्याच चिंध्यांची गोधडी शिवतात, आणि ऊब कशाने येते ते सगळ्यांना ठाऊक आहे.

पहिल्याच आठवड्यात मी पडलो. डोंगरात नाही, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, उभ्या गाडीवरून. साइड स्टँड नीट न लागता मी उतरायला गेलो, जमीन जिथे असेल असं वाटलं होतं तिथे ती नव्हती, आणि आम्ही दोघं उजवीकडे कलंडलो. वाकडातिकडा जोर लावून कमर धरेल अशी भीती वाटली, म्हणून मेस्त्रीला फोन केला. मेस्त्री माझाच विद्यार्थी, दहावीला विज्ञानात काठावर पास झालेला. तो आला, हात मागे बांधून उभा राहिला.

"थांबा सर. आता तुमीच उचला, मी बघतो."

मी हँडल धरलं आणि वाकून वर ओढलं. एक कट्ट आवाज आला. तो गाडीतून यायला हवा होता, कमरेतून आला.

"सर, टेकू कुठंय? भार कुठंय? बल कुठं लावताय?"

हा प्रश्न मी त्याला वीसेक वर्षांपूर्वी भर वर्गात विचारला होता. तेव्हा तो खिडकीबाहेर बघत होता. आता मी खिडकी शोधू लागलो.

मग त्याने शिकवलं. गाडी उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर काढून ठेवायचा, म्हणजे उभी करताना पलीकडे जात नाही. गिअर टाकायचा, म्हणजे सरकत नाही. हँडल पूर्ण वळवायचं. मग गाडीकडे पाठ करून सीटला बूड टेकवायचं. एका हाताने हँडलची मूठ, दुसऱ्याने मागची दांडी धरायची, आणि पाठ ताठ ठेवून मागे मागे छोटी पावलं टाकायची. उचलायची नाही, चालायचं. जोर मांड्यांचा, टेकू टायरचा. सुरुवातीचा वीतभर भाग जड जातो; मग वजन हळूहळू टायरच्या माथ्यावर येतं आणि गाडी आपणहून उभी राहायला बघते. सोसायटीतल्या दहा-बारा लोकांच्या साक्षीने मी गाडी तीनदा पाडून तीनदा उचलली. एकोणतीस वर्षं फळ्यावर तरफ काढली, ती अंगात शिरली त्या संध्याकाळी. घरी येऊन मी अर्धा तास आरशासमोरून जात येत होतो.

पडण्याची भीती गेली की माणूस जरा विचित्र वागायला लागतो. मी रविवारी पहाटे लाल वाटांवर जाऊ लागलो. बायकोने दोन अटी घातल्या: फोन चार्ज असावा, आणि पडल्याची बातमी आधी तिला सांगावी, मग व्हॉट्सअॅपवर.

पण चालवण्याआधी सेवा येते. या गाडीची चेन उघडी असते. साध्या गाडीच्या चेनला कव्हर असतं, संसारी माणसाच्या चिंतेसारखं. दिसत नाही म्हणून आपण विसरतो. हिची चेन धूळ, चिखल, वाळू सगळं थेट खाते. दर पाचशे किलोमीटरला ती साफ करायची, नव्वद नंबरचं ऑइल द्यायचं, जास्तीचं पुसून घ्यायचं, आणि मध्यावर बोटाने वर उचलून ढिलाई बघायची. फार घट्ट केली तर खड्ड्यात चाक वर जाताना ताण बसतो. फार सैल सोडली तर चेन उतरते. मास्तरकीत पोरांना किती ओढायचं आणि किती सोडायचं याचा अंदाज यायला मला दहा वर्षं लागली होती. चेनने तो तीन महिन्यांत शिकवला. घरातले जुने टूथब्रश आता या खात्यात जमा होतात. परवा बायको म्हणाली, "ब्रश नवा आणलाय. निळा दातांचा, लाल चेनचा. सकाळी चष्मा लावून घ्या."

चेनइतकंच लक्ष तारांना लागतं. या चाकांना ओतीव रिम नसते, सायकलसारखे स्पोक असतात. आदळआपटीत ओतीव रिम तडकू शकते. तारांचं चाक वाकतं, दबतं आणि पुन्हा सरळ करता येतं. पान्याने एकेक तार वाजवत जायचं. ताणलेली तार खणखणते, ढिली तार बद्द बोलते. चाकाला आउट आला, म्हणजे ते फिरताना डुलायला लागलं, की मेस्त्री ते स्टँडला लावून फिरवतो, एका डोळ्याने बघतो आणि पाव पाव आटा पिळत आउट काढतो. त्या वेळी तो तंबोरा जुळवणाऱ्यासारखा दिसतो. मी काही बोलायला गेलो तर हाताने थांबवतो.

तारांच्या चाकाचा दुसरा परिणाम म्हणजे ट्यूब. ट्यूब म्हणजे पंक्चर, आणि पंक्चर म्हणजे रानात टायर खोलणं. मेस्त्री म्हणाला, शिकून घ्या. दिवाळीच्या सुट्टीत गच्चीवर चाक काढून बसलो. सकाळी नऊला सुरुवात केली. बारा वाजता टायर परत चढला आणि हवा भरताना कळलं की टायर उचकटायच्या टामीने मी नव्या ट्यूबलाच चिमटा काढलाय. दुपारी पुन्हा. खुबी अशी आहे की टायरची कड एका बाजूला रिमच्या मधल्या खोलगट भागात गुडघ्याने दाबून धरायची. तेवढी ती दुसऱ्या बाजूला सैल मिळते आणि टायर गुपचूप चढतो. नुसत्या जोराने तो सात जन्मांत चढत नाही. भांडी घासायच्या साबणाचं पाणी लावलं तर आणखी सोपं. आणि एक गुरुमंत्र: दोन ट्यूब न्यायला जागा नसेल तर एकवीसची न्यावी. अडीअडचणीला ती मागच्या अठराच्या टायरात दुमडून तग धरते. अठराची मात्र एकवीसला पुरत नाही. मोठं लहानात सामावतं, लहानाला ताणता येत नाही. याच्यावर कीर्तन होऊ शकेल, पण मला पुढे जायचंय.

तर त्याच सुट्टीत मी चार दिवसांच्या प्रवासाला निघालो. सामान किती घ्यायचं, हा प्रश्न होता. १९५२ साली चे गेव्हारा आणि त्याचा मित्र अल्बेर्तो ग्रानादो पाचशे सीसीच्या जुन्या नॉर्टनवर दक्षिण अमेरिका बघायला निघाले होते. गाडीवर सामान रचलेलं, आणि गाडीचं नाव 'ला पोदेरोसा', म्हणजे बलशाली. वाटेत ती अनेकदा पडली आणि चिलीत कायमची बसली; पुढचा प्रवास दोघांनी ट्रक, बोटी आणि पायांवर केला. उलट लोइस प्राइस ही इंग्रज बाई सव्वादोनशे सीसीच्या किरकोळ यामाहावरून अलास्कापासून अर्जेंटिनाच्या शेवटच्या टोकापर्यंत एकटी गेली. यातून मी घ्यायचा तो बोध घेतला आणि दोन पँटमधली एक काढून ठेवली. बायकोने तिच्या जागी लाडवांचा डबा ठेवला. वजन तेवढंच राहिलं.

साताऱ्याहून उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाटाने खाली चिपळूण, तिथून गुहागर. पाटणच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं म्हणून मी फूटरेस्टवर उभा राहून चालवत होतो. ते शास्त्र आहे. उभं राहिलं की आपलं वजन सीटवरून फूटरेस्टवर, म्हणजे खाली जातं, गुडघे शॉकअप्सचं काम करतात आणि गाडी खाली मोकळेपणाने हलते. हेल्मेट, जाकीट, गुडघ्याची कवचं, असा मी वीरासारखा उभा होतो. तेवढ्यात डाव्या बाजूने, त्याच खड्ड्यांतून, किटल्या खडखडवत एक एम-एटी पुढे गेली. स्वाराने माझ्याकडे काळजीने बघितलं.

"बसा की पाव्हणं. सीट तापलंय का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गुहागरहून धोपाव्याच्या जेट्टीकडे निघालो. घाई नव्हती, म्हणून वाटेत सड्यावर चढणारी एक लाल वाट दिसली तेव्हा मनाने हिशेब न करता हँडल वळवलं. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. पावसाळ्यात त्याच्यावर फुलं येतात, नोव्हेंबरात सोनेरी गवत. इथे एक पथ्य मी पाळतो: वाट सोडून सड्यावर चाक घालायचं नाही. वरून कातळ दिसला तरी त्याच्यावरची बोटभर माती साठायला फार काळ लागलेला असतो आणि वर्षभराची सगळी फुलं त्या मातीत झोपलेली असतात. आमचं कासचं पठार असंच आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ज्या जागा जागतिक वारसा म्हणून नोंदल्या गेल्या त्यांत तेही आहे. त्याच्या शेजारी राहून एवढं तरी कळावं. गाडी कुठेही जाऊ शकते, हा गाडीचा गुण. कुठे जायचं नाही, हे चालवणाऱ्याने बघायचं.

तर मी वाटेवरच होतो. पण वाटेवर जांभ्याची गोल खडी होती, गोट्या पसरल्यासारखी. पुढचं चाक सरकलं, मी घाबरून पुढचा ब्रेक धरला, जे करायचं नसतं, आणि उंट शांतपणे डावीकडे निजला. वेग चालण्याचाच होता. कोपराला कवच होतं. मला लागलं ते फक्त अहंकाराला, आणि त्यालाही मुकामार.

उठून धूळ झटकली. इंजिन बंद केलं. पाठ केली, बूड टेकवलं, मूठ धरली आणि छोटी पावलं टाकत मागे चालू लागलो. वीतभर जड, मग हलकं, मग उभी! सड्यावर कुणी नव्हतं. टाळ्या वाजवायला माझेही हात मोकळे नव्हते. पण त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगतो: मला या जगात कुणाचीही गरज नाही. चार माणसं लागत नाहीत, मेस्त्री लागत नाही. आपलं आपण पडावं, आपलं आपण उठावं.

"पडलाव काय?"

मागे बघितलं तर साठीच्या एक मावशी धापा टाकत उभ्या. हातात कोयती, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर काहीच नाही.

"लागला नाय ना कुठं?"

"नाही मावशी. उचलली पण," मी म्हणालो. आवाजात थोडा पुरस्कार-समारंभ होता.

"येकट्यानं? बरा झाला." त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, चाकाला कोयतीची मूठ लावून बघितली, आणि मग जरा ओशाळून म्हणाल्या, "मग आता माजा भारा जरा उचलू लागता काय?"

तेव्हा मी पलीकडे बघितलं. शंभरेक पावलांवर गवताचा भारा जमिनीवर पडला होता. मी पडताना त्यांना लांबून दिसलं होतं आणि त्या भारा टाकून धावत आल्या होत्या. डोक्यावरच्या भाऱ्याचं गणित असं असतं: एकदा डोक्यावर चढला की मैलभर नेता येतो, पण खाली ठेवला तर एकटीला परत चढवता येत नाही. म्हणून बाया तो वाटेत खाली ठेवत नाहीत. टेकवायचाच झाला तर उंच गडग्यावर टेकवतात. सड्यावर गडगा कुठला?

मी भाऱ्याखाली हात घातले. मला वाटलं गवतच तर आहे. उचलताना पुन्हा तो कट्ट आवाज आला. इथे पाठ टेकवायला सीट नव्हती, धरायला मूठ नव्हती. दोघांनी मिळून तो चढवला. भारा चढल्याबरोबर मावशींची मान ताठ झाली, त्यांनी एकदा तोल जुळवला आणि माझ्याकडे न बघता, कारण मान वळवता येत नव्हती, म्हणाल्या, "जपून जावा हां." आणि त्या गोल खडीवरून, प्लास्टिकच्या चपला घालून, एकदाही न सरकता निघून गेल्या.

मी बराच वेळ गाडीला टेकून उभा होतो. "उचलेल तेवढंच आण," असं आई सांगायची. मी त्याचं तत्त्वज्ञान करून बसलो होतो. मावशींचं ओझं त्या नियमात बसत नव्हतं. एकटीला न उचलणारं ओझं त्या रोज नेतात, कुणीतरी उचलू लागेल या भरवशावर. आणि ते 'कुणीतरी' होण्यासाठी त्यांनी स्वतःचा भारा जमिनीवर टाकला होता.

तेव्हा मला उंटावरच्या शहाण्याची चूक कळली. त्याची अक्कल काही फार कमी नसावी. पण तो खाली उतरला नाही. उतरला असता तर वासराच्या मानेला हात लावला असता, रांजण तिरका केला असता; डोकं आपोआप सुटलं असतं. वरून फक्त सल्ला देता येतो. माझा उंट या बाबतीत मालकापेक्षा शहाणा आहे. तो मला ठरावीक काळाने खाली उतरवतो, मला विचारत बसत नाही.

पुढचा प्रवास सुरळीत झाला, म्हणजे सांगण्यासारखं फार नाही. धोपाव्याच्या जेट्टीवरून फेरीबोटीत गाडी चढवली आणि पलीकडे दाभोळला उतरलो. मोटारींच्या गर्दीत उंट एका कोपऱ्यात मावतो, हा त्याचा आणखी एक फायदा. दापोली, आंजर्ले, केळशी करत वेसवीहून बागमांडल्याला दुसरी फेरी, हरिहरेश्वरला मुक्काम. खाऱ्या वाऱ्याने चेनवर दोन दिवसांत तांबूस साय धरली, म्हणून रात्री लॉजच्या अंगणात ब्रश घेऊन बसलो. मालकाला वाटलं मी दात घासतोय. चौथ्या दिवशी महाड, पोलादपूर, आंबेनळी घाट, महाबळेश्वर आणि मेढ्यावरून घरी. लाडवांचा डबा रिकामा होता.

"पडलात?" बायकोने विचारलं.

"एकदा."

"कुणी उचललं?"

"मीच," म्हणालो, आणि मग भाऱ्याचं सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे पडलात म्हणून तुमचा कुणाला तरी उपयोग झाला." लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, त्यातलं हे कौतुक होतं की नाही ते मी अजून ठरवतोय.

तुम्हीही अशी गाडी घेणार असाल, तर अॅव्हरेज किती देते ते मागून विचारा. आधी ती आडवी करून एकट्याने उचलून बघा. शोरूमवाला करू देणार नाही. ओळखीच्या कुणाची तरी सेकंडहँड शोधा. उचलता आली तर घ्या, आणि वाटेत पडून उठल्यावर लगेच किल्ली फिरवू नका. एकदा आजूबाजूला बघा, तुमच्यासाठी कुणी भारा खाली टाकलाय का ते. बाकी टायर, तारा, कवचं, लाडू यांत ज्याची त्याची मतं असू शकतात. चेन मात्र दर पाचशे किलोमीटरला. त्यात सूट नाही.